वहीच्या पानामागचं जंगल कुणाचं? पेण-रोह्याहून बल्लारपूर आणि मेंढ्यापर्यंत



हा भाग तुमच्यापैकी बरेच जण दिवा-रोहा गाडीत बसून ऐकत असणार. पेण गेलं, कासू गेलं, आता नागोठणं येईल. एका कानात इअरफोन, मांडीवर बॅग. त्या बॅगेत एखादी तरी वही असेलच. कॉलेजची असेल, नाहीतर कामाच्या ठिकाणची डायरी असेल. ती काढा, एक पान बोटांत धरा आणि अंगठ्याने जरा चोळून बघा.

आजचा भाग या पानाबद्दल आहे. ते कशापासून झालं, कसं झालं, आणि ज्या जंगलातून ते आलं ते जंगल कुणाचं? तिसरा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण त्याचं उत्तर मिळवायला एका गावाला कित्येक वर्षं भांडावं लागलं.

पेणचा लगदा, रोह्याची सही

सुरुवात आपल्या घरापासून करू. पेण म्हटलं की गणपती. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात वर्षभर मूर्तींचं काम चालतं. बहुतेक मूर्ती शाडूच्या नाहीतर प्लास्टरच्या, पण काही कारखान्यांत कागदाच्या लगद्याचे गणपतीही करतात. जुनी वर्तमानपत्रं पाण्यात भिजत घालायची, कुटायची, त्यात डिंक किंवा खळ आणि चुन्याची पांढरी भुकटी घालायची, आणि हा लगदा साच्यात दाबायचा.

आता बघा, या कामातच कागदाचं सगळं गुपित आहे. कागद म्हणजे अतिशय बारीक तंतूंचं जाळं. हे तंतू डिंकाने चिकटलेले नसतात. पाणी सुकताना ते एकमेकांना आपोआप घट्ट धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की हात सोडतात. म्हणून वर्तमानपत्राचा लगदा होतो आणि लगद्याचा पुन्हा कागदही होतो.

आता रोहा. रोह्याशी नातं असलेला सगळ्यात मौल्यवान कागद कुठला? चलनी नोट! चिंतामणराव देशमुख, म्हणजे सी. डी. देशमुख, यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी झाला, घराणं रोह्याचं. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटांवर त्यांची सही आली.

पण गंमत अशी की नोटेचा कागद झाडापासून करत नाहीत, तो कापसाच्या तंतूंचा असतो. म्हणूनच खिशात विसरलेली नोट धुण्यातून निघाली तरी बऱ्यापैकी शाबूत राहते आणि बसचं तिकीट मात्र चिंधी होऊन बाहेर येतं.

खरं तर शेकडो वर्षं सगळाच कागद असा होता. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद व्हायचा तो चिंध्या, ताग, जुने दोर यांपासून. युरोपातही चिंध्याच वापरायचे. मग छापखाने वाढले, वर्तमानपत्रं आली, शाळा आल्या आणि चिंध्या पुरेनात. त्यामुळे १९व्या शतकात माणूस झाडाकडे वळला.

झाडात कागद असतो, पण कुलपात

लाकडात साधारण निम्म्याच्या आसपास सेल्युलोज असतं. हेच आपले तंतू. पण हे तंतू लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना जखडलेले असतात. लिग्निन म्हणजे झाडाचं सिमेंट म्हणा. त्याच्यामुळेच झाड ताठ उभं राहतं. कागद करायचा तर हे सिमेंट काढायचं आणि तंतू शाबूत ठेवायचे. कागद कारखान्याचं अर्धं काम एवढंच आहे.

यावरचा सगळ्यात यशस्वी उपाय १८७९ साली कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञाने शोधला. लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात, दाबाखाली शिजवायचे. यातून निघालेला कागद इतका मजबूत की त्या पद्धतीचं नाव पडलं क्राफ्ट. जर्मन भाषेत क्राफ्ट म्हणजे ताकद. ऑनलाइन मागवलेली वस्तू ज्या तपकिरी खोक्यातून येते, तो कागद क्राफ्टच्याच कुळातला.

युरोप-अमेरिकेकडे यासाठी स्प्रूस, पाइन अशी सूचिपर्णी झाडं होती. आपल्याकडे काय? बंगालमधल्या सुरुवातीच्या गिरण्या सबाई नावाच्या गवतावर चालायच्या. ते पुरेना. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत बांबूचा लगदा करण्याचे प्रयोग झाले आणि ते जमले. १९२५ साली तर बांबू-कागद धंद्याला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदाच झाला. परदेशी कागदावर कर लावून इथल्या बांबूच्या कागदाला उभं राहू द्यायचं, असा तो बेत.

थोडक्यात, भारतातल्या वहीचं पान बरीच वर्षं बांबूचं होतं. आणि बांबू हे झाड नाही. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे, भात आणि उसाचा भाऊबंद. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बल्लारपूरच का?

आता आपण पेण-रोह्याहून थेट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. चंद्रपूर जिल्ह्यातलं बल्लारपूर, कधीकाळी गोंड राजांची राजधानी. वर्धा नदीच्या काठावर त्यांचा किल्ला अजून उभा आहे. इथल्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ साली नोंदली गेली. पुढे ती थापर समूहाकडे आली, १९७५ साली तिचं नाव बल्लारपूर इंडस्ट्रीज झालं आणि लोकांच्या तोंडी बिल्ट बसलं.

कारखाना इथंच का? नकाशा काढून बघा. पूर्वेला चंद्रपूर-गडचिरोलीचं बांबूचं जंगल. शेजारी वर्धा नदी. जवळच कोळशाच्या खाणी. आणि गावातून जाणारा दिल्ली-चेन्नई लोहमार्ग. तंतू, पाणी, आग आणि वाट अशा चार गोष्टी एका जागी मिळाल्या. कागद कारखान्याला याहून जास्त काही लागत नाही.

चला, आत शिरू

ज्या कारखान्यात एका बाजूने लाकूड शिरतं आणि दुसऱ्या बाजूने तयार कागद निघतो, मधली सगळी कामं एकाच आवारात होतात, त्याला एकात्मिक कारखाना म्हणतात. काही गिरण्या नुसता लगदा करून विकतात, काही नुसता विकत घेतलेल्या लगद्याचा नाहीतर रद्दीचा कागद करतात. इथं दोन्ही एकत्र.

पहिला थांबा म्हणजे चिपर. मोठ्या फिरत्या चकतीवर धारदार पाती लावलेली असतात. बांबू किंवा लाकूड आत ढकललं की काड्यापेटीपेक्षा लहान चपटे तुकडे पडतात. तुकडे सारखे हवेत. लहान असले तर शिजून गळतात, मोठे असले तर मधे कच्चे राहतात. बटाट्याची भाजी चिरताना आई हेच सांगते ना?

दुसरा थांबा डायजेस्टर, म्हणजे कित्येक मजले उंच प्रेशर कुकर. तुकडे आणि रसायनाचं पाणी, ज्याला व्हाइट लिकर म्हणतात, आत घालतात. १६०-१७० अंश सेल्सिअसला काही तास शिजवतात. लिग्निन विरघळून पाण्यात उतरतं आणि तंतू मोकळे होतात. कारखान्याच्या गावात सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो याच भागातल्या गंधकाच्या वायूंचा.

बाहेर काय येतं? एक तपकिरी लगदा आणि एक काळंकुट्ट पाणी. घातलेल्या लाकडातलं वजनाने निम्म्याहून कमीच लगद्यात उरतं. म्हणजे एक टन लगद्याला दोन टनांहून जास्त कोरडं लाकूड. बाकीचं सगळं त्या काळ्या पाण्यात.

या काळ्या पाण्याला ब्लॅक लिकर म्हणतात, आणि एकात्मिक कारखान्याची खरी हुशारी इथं दिसते. हे पाणी नदीत सोडलं तर नदी मेलीच. म्हणून ते आटवतात, गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात तसं, घट्ट होईपर्यंत. मग ते एका खास बॉयलरमध्ये फवारून जाळतात. लिग्निन जळतं, त्या आगीवर वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं आणि वीज मिळते. खाली रसायनांचा वितळलेला रस साचतो. तो पाण्यात विरघळवला की होतं ग्रीन लिकर. त्यात चुना घातला की पुन्हा व्हाइट लिकर तयार. तेच रसायन पुन्हा डायजेस्टरमध्ये. म्हणजे झाडाचं सिमेंटच कारखान्याचं सरपण होतं आणि रसायन गोल फिरत राहतं.

आता मघाची गवताची गोष्ट आठवा. भाताची, उसाची पात हाताला कापते ना? कारण गवताच्या अंगात सिलिका असते, वाळूतला तोच पदार्थ. बांबूतही ती असते. ब्लॅक लिकर आटवताना ही सिलिका नळ्यांमध्ये थर धरते, चुन्यातही मिसळते आणि तो चुना भट्टीत भाजून परत वापरणं अवघड करते. कागदावर कायदा काहीही म्हणो, बॉयलरला बरोबर कळतं की हे गवत आहे!

तिसरा थांबा धुणं आणि विरंजन. खाकी हवा असेल तर लगदा तसाच ठेवतात, पांढरा हवा तर उरलंसुरलं लिग्निन काढतात. पूर्वी यासाठी क्लोरीन वायू वापरायचे. त्यातून डायऑक्सिनसारखी घातक द्रव्यं तयार होतात हे कळल्यावर जगभर क्लोरीन डायऑक्साइड, ऑक्सिजन असे पर्याय आले. वर्तमानपत्र उन्हात पिवळं का पडतं? त्याच्या लगद्यात लिग्निन ठेवलेलं असतं म्हणून.

शेवटचा थांबा पेपर मशीन. याची मूळ कल्पना १७९९ सालची, लुई-निकोला रॉबेर या फ्रेंच माणसाची. मशीनच्या तोंडाशी येतो तो लगदा म्हणजे जवळजवळ पाणीच, शंभरात एखादा भाग तंतू. पळत्या जाळीवर तो पसरतो, पाणी खाली गळतं, मग दाबाचे रूळ, मग वाफेने तापलेले मोठे सिलिंडर. दुसऱ्या टोकाला कागद निघतो तेव्हा त्यात साधारण पाच-सहा टक्के पाणी उरलेलं असतं. लगदा मशीनवर आल्यापासून कागद गुंडाळला जाईपर्यंत एक-दोन मिनिटंही लागत नाहीत.

पाण्याचा हिशेबही सांगतो. आपल्याकडच्या जुन्या गिरण्यांत एक टन कागदाला शंभर घनमीटरहून जास्त पाणी लागायचं. आता पाणी फिरवून वापरतात, त्यामुळे ते बरंच कमी झालंय. तरीही कागद कारखाना नदीला सोडून राहू शकत नाही.

मग फळ्या, दारं, खिडक्या?

स्वीडन, फिनलंड, कॅनडाकडे एकाच आवारात आरागिरणीही असते. ओंडक्याचा जाड भाग फळ्यांना, फळ्या कापताना उरलेल्या कडा लगद्याला, साल आणि भुसा बॉयलरला. ओंडक्याचं काहीच वाया जात नाही.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे, पण बल्लारपुरात ते एका गावापुरतं जुळतं. इथं वनविभागाचा सागवानाचा प्रसिद्ध डेपो आहे. चांगलं सागवान तिथून लिलावाने इमारतीकडे, फर्निचरकडे जातं. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते इथूनच. मोठं खोड डेपोत आणि बांबू गिरणीत अशी ही वाटणी.

आता तुमच्या वहीचा हिशेब. एक ए-फोर कागद साधारण पाच ग्रॅमचा. दहा कागद म्हणजे ५० ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमहून जास्त कोरडा बांबू. ५०० कागदांचं रिम अडीच किलोचं. एक टन कागद म्हणजे असे दोन लाख कागद. आणि एक गिरणी असे कित्येक टन रोज काढते. एवढा बांबू कुठून यायचा, आणि कुठल्या भावाने?

गवताला झाड म्हणणारा कायदा

इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने मोठमोठी जंगलं राखीव केली. मग १९२७ चा भारतीय वन कायदा आला. त्यातल्या तेव्हाच्या व्याख्येनुसार 'झाड' या शब्दात बांबूही यायचा. झालं! जंगलातला बांबू आता झाड, झाड म्हणजे सरकारी लाकूड, आणि परवानगीशिवाय तोडलं तर चोरी.

हे फक्त विदर्भात घडलं असं समजू नका. आपल्याच जिल्ह्यात, पेणपासून फार लांब नाही, चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या अक्कादेवीच्या डोंगरावर गावोगावचे शेतकरी, आगरी, कोळी, कातकरी जंगल सत्याग्रहाला जमले. ज्या डोंगरातून बापजाद्यांनी लाकूडफाटा आणला तिथंच बंदी, म्हणून त्यांनी झाडं तोडून कायदा मोडला. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही गेले, त्यांत नाग्या कातकरी होता. सरकारी बाजूचेही लोक गेले, मामलेदारसुद्धा. चिरनेरचा प्रश्न एका ओळीचा होता. डोंगर कुणाचा?

स्वातंत्र्य आलं, पण कायदा १९२७ चाच राहिला. कागद गिरण्यांना सरकारने जंगलातला बांबू दीर्घ कराराने, नाममात्र दराने दिला. त्याच वेळी टोपल्या, सुपं विणणाऱ्या बुरुडाला एकेक बांबू बाजारभावाने घ्यावा लागत होता. देशाला शाळा हव्या होत्या, शाळांना वह्या हव्या होत्या, हे खरंच. पण वहीची किंमत भरली कुणी, हेही खरंच.

बांबू कमी होऊ लागला तेव्हा बोट गावकऱ्यांकडे दाखवलं गेलं. १९७०च्या दशकात माधव गाडगीळांनी शेजारच्या कारवार भागात, दांडेलीच्या गिरणीला बांबू पुरवणाऱ्या जंगलांत जाऊन बघितलं. तिथं काय दिसलं? बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं कुंपण असतं. गावकरी ते राखून वरचेवर बांबू काढायचे. गिरणीसाठी तोडणारे मात्र सोयीसाठी ते कुंपण साफ करायचे. मग कोवळे कोंब उघडे पडायचे, ते गुरं, माकडं, साळिंदर खायचे आणि बेट संपायचं. म्हणजे ज्यांच्याकडे बोट होतं, तेच जंगल सांभाळत होते.

मेंढा (लेखा), आणि गागोद्याचा माणूस

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटं गोंड गाव आहे. शंभराच्या आसपास घरं. १९८०च्या दशकापासून देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी एक पद्धत ठरवली. गावाचा निर्णय ग्रामसभेत आणि सर्वांच्या सहमतीने. बहुमताने नाही. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसायचं, पुन्हा बोलायचं. त्यांची घोषणा तुम्ही कदाचित ऐकली असेल: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.'

त्यांच्यासोबत काम करणारे मोहन हिराबाई हिरालाल सर्वोदय विचाराचे, विनोबांना मानणारे. आणि विनोबा कुठले? आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे! ११ सप्टेंबर १८९५ चा जन्म. १९५१ साली त्यांनी भूदान सुरू केलं, त्यातून पुढे ग्रामदान निघालं. जमीन एकेकट्याच्या नावावर न ठेवता गावाची करायची आणि सगळ्यांच्या संमतीने चालवायची, हा त्याचा गाभा.

मेंढ्याच्या जंगलातला बांबूही कागद कारखान्याच्या करारात होता. गावाने त्या तोडणीला विरोध केला. स्वतःच्या गरजेपुरता बांबू घेतला तर गुन्हा आणि गिरणीचे ट्रक भरले तर करार, हे त्यांना मान्य नव्हतं. भांडण वर्षानुवर्षं चाललं. मोर्चापेक्षा जास्त ते कागदाच्याच मदतीने चाललं: अर्ज, ठराव, नकाशे, नोंदी. आहे की नाही गंमत!

२००६ साली वनहक्क कायदा आला. त्यात बांबू गौण वनउपज म्हणून मोजला गेला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. म्हणजे हक्क तुमचा, कुलूप आमचं! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. त्यानंतर गावाने स्वतः बांबू तोडून विकला.

आणि २०१३ साली मेंढ्याच्या लोकांनी आपली शेतीची जमीनही ग्रामदानात दिली. महाराष्ट्राचा ग्रामदान कायदा १९६४ चा, आणि त्यामागचा विचार गागोद्यात जन्मलेल्या माणसाचा. पेणचं आणि मेंढ्याचं नातं हे असं आहे.

आज पान कुठून येतं?

जंगलातला बांबू पुरेना तशा गिरण्या शेतकऱ्यांनी लावलेल्या निलगिरी, सुबाभूळ, सुरूकडे वळल्या. बल्लारपूरची कंपनी कर्जात अडकली आणि २०२० साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्या गावाचं घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चालत होतं, तिथल्या कामगारांसाठी ही काही बातमीपुरती गोष्ट नव्हती. आणि आज देशातला बहुतांश कागद झाडापासून होतच नाही, तो रद्दीपासून होतो. पेणच्या मूर्तिकाराचा लगदा आठवा. तेच तत्त्व, फक्त मोठ्या प्रमाणावर. पण दर फेरीत तंतू तुटतात, आखूड होतात. काही फेऱ्यांनंतर ते कामाचे राहत नाहीत आणि नवा तंतू घालावाच लागतो. म्हणून जंगल, शेत आणि गिरणी हे नातं सुटत नाही.

हो, आणि त्या व्याख्येचं काय झालं? २०१७ साली कायदा बदलला आणि बांबू 'झाड' राहिला नाही. नव्वद वर्षांनी बांबूला गवत व्हायची परवानगी मिळाली! जंगलातला बांबू मात्र अजून वन कायद्याखालीच येतो.

तर मंडळी, एवढं करा. घरची रद्दी ओली होऊ देऊ नका, वेगळी ठेवा, ती फार कामाची आहे. वहीची मागची कोरी पानं फाडून टाकू नका. आणि कधी गागोद्याला किंवा चिरनेरला गेलात तर नुसता सेल्फी काढून परत फिरू नका. डोंगराकडे जरा बघा आणि तोच एका ओळीचा प्रश्न स्वतःला विचारा.

तुमच्या गावात कुणी बुरूडकाम करणारं असेल, कुणी लगद्याचे गणपती करत असेल, तर त्यांच्याशी बोला आणि आम्हालाही कळवा. पुढच्या भागात भेटू. रोहा आलं असेल तर उतरा आता, वही बॅगेत ठेवायला विसरू नका!